पोटातलं गिऱ्हाइकाचं

तव्याला चिकटलेलं ते काढायला शिंपिणीने आधी उलथनं घेतलं, मग सुरी, मग स्वतःची नखं.

*

माशाला पापण्या नसतात. मेल्यावर त्याचे डोळे कुणाला मिटता येत नाहीत.

*

थोरलीचा आवाज असा, की ती "ताजा" म्हणाली की शिळ्या माशालासुद्धा घटकाभर खरं वाटावं.

*

बाहुलीचा बूट. गुलाबी. उजव्या पायाचा.

*

प्लास्टिकचं काहीही बनवायचं असो, बादली, कंगवा की खुर्ची, कारखान्यात आधी त्याचे दाणे येतात. मोहरीहून मोठे, वाटाण्याहून लहान. गोण्यांतून येतात, गोण्या जहाजांतून येतात. गोणी फाटते. कुणी खाली वाकून दाणे वेचत बसत नाही.

*

बाजारात चोरी दोन प्रकारची असते. एक चालते, एक चालत नाही.

*

"हिच्या अंगठ्याला डोळे आहेत," असं सासू धाकटीबद्दल म्हणायची. सासूने आयुष्यभरात केलेलं हे एवढंच कौतुक. तेसुद्धा शेजारणीकडे, धाकटी घरात नसताना.

*

आता हे सगळं एका ओट्यावर आणू.

मासळीबाजार म्हणजे एक लांबलचक दालन. भिंतींना खांद्यापर्यंत पांढऱ्या फरश्या, वर कधीच न धुतलेले पंखे, आणि मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडं गटार. गटाराच्या एका बाजूला मासे विकणाऱ्या बायका, दुसऱ्या बाजूला मासे साफ करणाऱ्या. गिऱ्हाइकाने इकडे मासा घ्यायचा, अख्खा तोलायचा, आणि गटार ओलांडून तिकडे साफ करायला द्यायचा. थोरली विकायला बसे. तिची धाकटी जाऊ बरोबर समोर, पाटावर मासा आडवा घालून. दोघी जावा समोरासमोर आणि मधून गटार. लोक म्हणत, घरातही असंच असेल. फारसं चुकीचं नव्हतं.

बाजाराचा कायदा एकच, आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. पोटातलं गिऱ्हाइकाचं. मासा अख्खा तोलला, म्हणजे त्याच्या पोटात जे निघेल ते ज्याने घेतला त्याचं. हा कायदा झाला गाभोळीपायी. गाभोळी म्हणजे माशाची अंडी, पातळ पिशवीत दाटून बसलेली. पूर्वी साफ करणाऱ्या बाया ती हळूच पाटाखाली सरकवायच्या आणि मागच्या दाराने विकायच्या. त्यावरून झिंज्या उपटण्यापर्यंत भांडणं झाली. तेव्हापासून ठरलं, की गाभोळी चोरताना जी सापडेल तिचा पाट बाजाराचा मुकादम स्वतःच्या हाताने धुणार आणि भिंतीला उभा करणार. पाट उभा राहिला की बाई बसायची राहिली. वजनात मारणं, बर्फाचं पाणी मुरवणं, कालच्याला आजचा म्हणणं, हे सगळं बाजाराने पोटात घातलं होतं. गाभोळी नाही.

धाकटी साफ करताना माशाकडे बघत नसे. नजर गिऱ्हाइकावर, तोंड गप्पांत, आणि अंगठा माशाच्या पोटात. काळीज कुठलं, पित्त कुठलं, गाभोळी कुठली, हे अंगठ्याला कळायचं. पित्ताला धक्का न लावता सगळं बाहेर. हीच तिची कला होती, आणि याच कलेने तिचा घात केला.

बाजारासमोर शिंपिणीचं दुकान होतं. तिची मुलगी लांबलचक तापातून उठली होती, आणि इतक्या दिवसांत तिने तोंडाने काही मागितलं ते हेच, गाभोळी. शिंपिणीने थोरलीकडून टम्म पोटाचा मासा निवडून घेतला. धाकटीने पोट चिरलं, अंगठा घातला, ताणलेली पिशवी लागली, पिशवीत दाणे लागले. "निघाली बरं का, भरगच्च आहे," असं म्हणत तिने ती न बघताच वेगळी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी बाजार भरायच्या वेळी शिंपीण तवा घेऊनच आली.

तवा तिने धाकटीच्या पाटावर आपटला नाही, अलगद ठेवला. म्हणूनच जास्त लोक जमले. तव्यावर पांढरट, कडेला करपलेली, दगडासारखी पोळी चिकटली होती. आसपास जळक्या बादलीचा वास सुटला. एका कडेला काही दाणे वितळायचे राहिले होते. गोल, गुळगुळीत, एकसारखे.

"खरी गाभोळी कुणाला विकलीत?" शिंपीण म्हणाली. "एवढंच सांगा. माझी लेक ताट घेऊन बसली होती."

धाकटीने एक दाणा उचलून अंगठ्याखाली दाबला. डोळ्यांना काही आठवत नव्हतं. अंगठ्याला आठवलं. पिशवी ताणलेली होती खरी, पण ती गाभोळीची नव्हतीच. ते पोट होतं. फुटायला आलेलं, कागदासारखं पातळ झालेलं पोट. माशाने हे अंडी समजून गिळलं होतं आणि तिने अंडी समजून बांधून दिलं होतं. मासा फसला होता तिथेच तीही फसली होती. फरक इतकाच, की माशाला कुणी चोर म्हणत नव्हतं.

"हे त्या माशाच्या पोटातच होतं," ती म्हणाली.

याहून वाईट उत्तर त्या दालनात देता आलं नसतं. समोर थोरलीचा हात तराजूवर थांबला. आजूबाजूच्या विक्रेत्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. साफ करणारीने चोरी केली तर एक पाट जातो. माशाच्या पोटात प्लास्टिक आहे म्हटलं तर बाजार जातो.

*

मुकादमाची खोली: भिंतीवरचा पंखा, मागच्या वर्षाचं कॅलेंडर, पाय तुटलेलं स्टूल आणि त्याच्या तुटक्या पायाखाली वीट.

मुकादम काही वाईट माणूस नव्हता. तरुणपणी तोही मासे साफ करायचा. त्या कामात पुरुष फारसे नव्हते, म्हणून त्याचं नाव जास्त झालं. त्याचा अंगठा अजून लोक उदाहरणादाखल सांगत. त्याने दोघी जावांना बसवलं आणि मधला रस्ता काढला. धाकटीने म्हणायचं, की पाटावर कसलीशी पुडी फुटून दाणे त्यात पडले, नजरचूक झाली. शिंपिणीची माफी मागायची. थोरलीने तिला नवा मासा द्यायचा. विषय संपला.

"आणि नाही म्हटलं तर?" धाकटीने विचारलं.

"हे बघ धाकटे. तू चोर असलीस तर तू जातेस. तू खरी असलीस तर आम्ही सगळे जातो. आता तूच सांग, मी काय मानू?"

थोरलीने समजूत घातली, म्हणजे तिच्या पद्धतीने घातली. माफी मागायला काय जीभ झिजते का, असं ती म्हणाली. धाकटी म्हणाली, माझी झिजते. मासा मी नाही तोलत, पुडी माझ्याकडे नव्हती, आणि जे मी केलं नाही ते मी केलं म्हणणार नाही. मग ती मुकादमाकडे वळून असंही म्हणाली, की तुमचा रस्ता मधला आहे खरा, पण बाजारात मधून जातं ते गटार.

मुकादमाने तिला आठवड्याच्या मोठ्या बाजारापर्यंत मुदत दिली. त्या दिवशी माफी, नाही तर पाट उभा.

*

घरी दोघे भाऊ, दोघी जावा, एकच स्वयंपाकघर. थोरला होडी चालवायचा आणि धाकटा, म्हणजे आपल्या धाकटीचा नवरा, जाळं ओढायचा. जेवताना विषय निघाला. थोरल्या दिराने सांगितलं, की हल्ली जाळ्यात निम्मा कचराच येतो. पिशव्या, बाटल्या, कुणाच्या तरी तुटलेल्या जाळ्यांचे गुंते. एकदा तर अख्ख्या खुर्चीत खेकडे राहायला आलेले. मग तुम्ही त्याचं काय करता, असं धाकटीने विचारलं. तो म्हणाला, करायचं काय, परत टाकतो. होडीत जागा माशांना की कचऱ्याला? आपली जुनी रीतच आहे, समुद्राचं समुद्राला.

"भावोजी, समुद्राला बाटलीची झाकणं कधीपासून व्हायला लागली?"

थोरला हसला. थोरली हसली नाही. धाकटीचा नवरा ताटाकडे बघत राहिला, जसं काही उत्तर तिथेच वाढलं होतं. थोरली म्हणाली, ऐट नको करूस, उद्या चूल दोघींची बंद होईल. धाकटी म्हणाली, चूल बंद झाली तर निदान तव्यावर प्लास्टिक तरी जळणार नाही.

ते बोलणं जरा जास्तच झालं. पण परत घेतलं नाही तिने.

*

थाळी.

पांढरी, निळ्या काठाची, कोपऱ्यात टवका उडालेली. धाकटीने ती घरून आणली आणि पाटाशेजारी मांडली. माफी मागायच्या ऐवजी तिने कायदा पाळायला घेतला. पोट चिरायचं, जे आहे ते थाळीत काढायचं, पाण्याने धुवायचं, आणि गिऱ्हाइकापुढे धरायचं. आता बघून. अंगठ्यावर तिचा भरवसा राहिला नव्हता.

"पोटातलं गिऱ्हाइकाचं," ती म्हणायची. "घेऊन जा. तुमचंच आहे."

बहुतेकांच्या थाळीत काहीच नसायचं. थोडी कोलीम, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, थोडी वाळू. एका न्हाव्याच्या माशात निळा दोरा निघाला, ओढावा तेवढा लांब. शाळेतल्या बाईंच्या माशात पिशवीचा तुकडा. मग तो बाहुलीचा बूट. तो एका आजोबांच्या वाट्याला आला. त्यांनी तो धुवून, पुसून खिशात ठेवला आणि ते निघून गेले. काही लोकांनी तोंड फिरवलं. एक बाई मासा तिथेच टाकून गेली आणि तिच्या नवऱ्याने परत येऊन नेला.

समोरून थोरलीने टोला हाणला. अख्ख्या दालनाला ऐकू जावं अशा आवाजात तिने विचारलं, की ही सगळी समुद्राची काळजी तू कशात बांधून देतेस गं? प्लास्टिकच्या पिशवीतच ना?

बायका खदखदल्या. धाकटीने हातातल्या पिशवीकडे बघितलं. "खरं आहे, जाऊबाई," ती म्हणाली. मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाली, उद्या डबा आणायचा, नाहीतर मासा शेपटीला धरून न्यायचा.

दुसऱ्या दिवशी तिच्या ओट्याचा नळ बंद होता. मुकादम म्हणाला, दुरुस्ती. बाकीचे नळ वाहत होते. तिने बादली उचलली, धक्क्यावर गेली आणि समुद्राचं पाणी भरून आणलं. खारं पाणी, खारा मासा, बिघडलं काय. तिसऱ्या फेरीला तिचा नवरा वाटेत उभा होता. त्याने दुसरी बादली उचलली. त्याच्या न बोलण्याचे दोन प्रकार होते, आणि हा दुसरा होता.

मग थोरलीने तिच्याकडे गिऱ्हाईक पाठवणं थांबवलं. मासे पलीकडच्या पाटावर जाऊ लागले. तिथे बसणारीला सगळे खवली म्हणत, कारण तिच्या केसांत कायम खवले असायचे. खवलीची दोन दिवस चंगळ झाली. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने तिला म्हटलं, त्या बाई दाखवतात तसं तुम्ही पण उघडून दाखवा की. खवली म्हणाली, आमच्यात तसं नसतं. गिऱ्हाईक म्हणालं, पण पोटातलं आमचंच ना?

*

आठवड्याचा मोठा बाजार.

मुकादम बाह्या दुमडून आला. मागे बघे, बघ्यांच्या मागे आणखी बघे. शिंपीणही आली होती. मुकादमाने विचारलं, माफी मागतेस का. धाकटी म्हणाली, चोरी केली नाही, माफी मागत नाही. तो पाट उचलायला वाकला, तशी ती पाटावर बसली. मांडी घालून, व्यवस्थित, जेवायला बसावं तशी.

"न्यायचा तर माझ्यासकट न्या."

मुकादमाने पाट सोडला. तेव्हा शिंपीण पुढे आली. तिने वाटेत दुसऱ्याच विक्रेतीकडून मासा घेतला होता. टम्म पोटाचा. तिने तो धाकटीपुढे धरला. "माझ्यासमोर कापा," ती म्हणाली. "मला बघायचंय."

धाकटी खाली उतरली. पोट चिरलं. सगळे वाकले.

गाभोळी निघाली. खरी. सोनेरी, दोन पाकळ्यांची, तलम पिशवीतली. पोटात मूठभर कोलीम. बाकी काही नाही.

मागून कुणीतरी शीळ घातली. बघा, म्हणत एकीने टाळी दिली. माशात प्लास्टिक असतं म्हणे. शिंपिणीने धाकटीकडे असं बघितलं, की चोर म्हटलेलं परवडलं असतं. इथे दुसरी कुणी असती तर मान खाली घालती. धाकटीने गाभोळी तळहातावर घेतली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"ही गाभोळी. अशी असते. बघून ठेवा, पुढे दिसेल न दिसेल." मग ती शिंपिणीच्या डब्यात घातली. "लेकीला द्या. आणि पुढचा मासा आणा कुणीतरी."

कुणी आणला नाही. गर्दीतून आवाज आला, की बरा चोराच्या घरचाच मासा प्लास्टिक खातो.

चोराच्या घरचा. चोरणारीचा नाही, घराचा. हे थोरलीला लागलं. जाऊ चोर ठरली तर एक वेळ चालेल, असा हिशेब तिने मनात केला असेल. पण घर? तिने तराजू बाजूला सारला, माशांचा टब दोन्ही हातांनी उचलला आणि सगळ्या बाजारादेखत गटार ओलांडलं. बर्फाचं पाणी तिच्या अंगावर सांडत होतं.

"फोड," ती म्हणाली. "सगळे फोड. माझ्या घरात चोर नाही. आणि असलं काही तर ते माशात आहे."

धाकटी फोडत गेली. एकात वाळू. एकात काहीच नाही. एकात दोरा, दोऱ्याला गाठ. लोक कंटाळून पांगणार, एवढ्यात एका हाडकुळ्या माशाचं पोट उघडलं आणि तिचा हात थांबला. तिने पिशवी फोडली नाही. अख्खी, फुगलेली पिशवी तिने मुकादमापुढे धरली.

"तुमचा अंगठा बाजारात नावाजलेला. डोळे मिटा आणि सांगा."

मुकादमाला नाही म्हणता आलं असतं. पण नावाजलेल्या माणसाला ते जमत नाही. त्याने डोळे मिटले, पिशवी तळहातावर घेतली, अंगठा फिरवला, हलकेच दाबला. चेहऱ्यावर जुनं हसू आलं.

"गाभोळी," तो म्हणाला. "दाणा पक्का झालेला. चांगली आहे."

धाकटीने त्याच्या तळहातावरच सुरीचं टोक टेकवलं.

दाणे बाहेर आले. पांढरे, काही पिवळट, काही राखाडी. त्याच्या बोटांमधून गळले, फरशीवर टपटपले, उतारावरून घरंगळत गटाराकडे निघाले. गटार पुढे धक्क्याखाली समुद्रात उघडतं. एवढ्या गर्दीत हे आधी शिंपिणीला सुचलं. ती पटकन खाली बसली आणि गटाराच्या काठाला पदर आडवा लावला. दाणे तिथे येऊन अडकू लागले. मग खवली बसली. मग आणखी एक.

मुकादम आपल्या अंगठ्याकडे बघत होता.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "तू चोर नाहीस. पाट तुझा. पण ही थाळी आता घरी ने. झालं ना तुझं?"

"झालं नाही, सुरू झालं. थाळी इथेच राहील."

"गिऱ्हाईक पळेल गं."

"पळून जाईल कुठे? जेवायला तर लागतंच." तिने सुरी पुसली. "कायदा मी नाही केला, तुम्ही केलाय. पोटातलं गिऱ्हाइकाचं. नको असेल तर कायदा बदला, आणि तसं सगळ्यांसमोर सांगा, की आजपासून माशाच्या पोटात काय आहे ते गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही. म्हणा मोठ्याने."

मुकादमाने तोंड उघडलं आणि गर्दीकडे बघितलं. गर्दीत आता डबे घेतलेली गिऱ्हाइकं बरीच होती. त्याने तोंड मिटलं.

तेव्हा थोरलीने आवाज लावला. शिळ्याला ताजा करणारा तोच आवाज, पण या वेळी त्यात भेसळ नव्हती. या, बघून घ्या, उघडून घ्या, पोटातलं तुमचं. त्या दिवशी तिचा निम्मा मासा उरला. ती घरी जाईपर्यंत धाकटीला शिव्या देत होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ओरडत होती.

सगळं गोड झालं असं नाही. काही गिऱ्हाइकं बाजार सोडून गेली ती गेलीच. नळ बरेच दिवस दुरुस्तीतच राहिला. शिंपिणीने धाकटीची माफी मागितली नाही. तिने जाड कापडाच्या पिशव्या शिवून पाठवल्या, आणि शिलाई घ्यायला मात्र स्वतः आली. थोरला दीर एका सकाळी होडीतून गोणी खांद्यावर टाकून बाजारात शिरला. गोणीत जाळ्यात आलेला सगळा कचरा होता, ओला, वास मारणारा. तो म्हणाला, समुद्रात परत टाकला तर या दोघी मला जेवू घालणार नाहीत, तेव्हा आता सांगा हे ओतू कुठे. मुकादम म्हणाला, इथे नाही. बाजार मासळीसाठी आहे.

"त्यांच्या खोलीच्या दारात ओता, भावोजी," धाकटी पाटावरून न उठता म्हणाली. "म्हणजे मग ते त्यांचं वरच्यांच्या दारात नेऊन ओततील."

गोणी दारात रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसऱ्या दिवशी शेजारच्या होडीवाल्याने विचारलं, आमचीही चालेल का.

शिंपिणीने पहिल्यांदा नेला तो मासा जाळ्यातून काढताना थोरल्या दिराने हातात तोलून बघितला होता; पाठीची हाडं बोटांना लागत होती, पण पोट भरलेलं होतं, म्हणून त्याने तो ठेवून घेतला.